इम्युनोथेरपी घेताना शुगरकडे लक्ष हवं

शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इम्युनोथेरपी म्हणजे श्रीमंतांचं औषध, हे चित्र आता बदलतंय. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तोंडावाटे घ्यायच्या केमोसोबत निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली गेली. नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही नाही! तरी वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण, नुसती केमो घेणाऱ्यांतल्या सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. औषध असं आवाक्यात येत जाईल तसे ते घेणाऱ्यांत मधुमेहीही वाढणार, कारण देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे.

आधीपासून मधुमेह असलेल्यांना या उपचाराचा फायदा कमी होतो का? फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या काही अभ्यासांत अशा रुग्णांचं आयुर्मान कमी दिसलं, काहींत फरक दिसला नाही. दोष शुगरचा की सोबतच्या किडनी-हृदयाच्या दुखण्यांचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. त्यामुळे केवळ मधुमेह आहे म्हणून कुणाला इम्युनोथेरपी नाकारणं मला चुकीचं वाटतं.

मला जास्त काळजी वाटते ती उपचारातून नव्याने होणाऱ्या मधुमेहाची. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सर तो दाबून धरतो, औषध तो सोडवतं. पण स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीही याच ब्रेकच्या भरवशावर सुरक्षित असतात. तो सुटला की काही जणांत टी-पेशी त्यांच्यावरच तुटून पडतात. असं शंभरात साधारण एकाच्या बाबतीत होतं, पण होतं तेव्हा झपाट्याने. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप. घरचे म्हणतात, ‘कॅन्सरचा अशक्तपणा असेल.’ प्रत्यक्षात रक्तात कीटोन (इन्सुलिनअभावी चरबीतून बनणारी आम्लं) साचून जिवावर बेतलेलं असू शकतं.

इथे एचबीए१सीवर विसंबू नये. ती रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी. शुगर आठवडाभरात भडकली असेल तर रिपोर्ट जवळपास नॉर्मल येतो. त्याच वेळची शुगर, कीटोन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते सांगणारी तपासणी) पाहावं लागतं. दर डोसआधीच्या रक्ततपासणीत शुगर असायलाच हवी.

इम्युनोथेरपीमुळे आतड्याला किंवा फुफ्फुसाला सूज आली तर स्टेरॉइड देतात. त्याने जुन्या मधुमेहींची शुगर वाढते, तेव्हा गोळ्या-इन्सुलिनचा डोस बदलून घ्यावा. नव्याने झालेल्या या मधुमेहात मात्र स्टेरॉइडचा उपयोग नाही. बीटा पेशी परत येत नाहीत, इन्सुलिन बहुधा कायमचं लागतं. शुगर आटोक्यात आली की कॅन्सरचा उपचार मात्र बहुतेकांना पुढे चालू ठेवता येतो.