बालस्थूलतेचा प्रश्न आणि मुलांचे स्वतःचे म्हणणे

मुलांना उद्देशून केल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवरून सुरुवातीला जो मोठा वाद झाला, त्याचे कारण लठ्ठपणा नव्हते, दातांची कीड होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, १९७८ साली अशा दूरचित्रवाणी जाहिरातींवर, विशेषतः साखरेच्या पदार्थांच्या जाहिरातींवर, निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. उद्योगांनी त्याला कडाडून विरोध केला आणि १९८० मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) आयोगाचेच अधिकार छाटले. त्याच वर्षी कॅनडातील क्यूबेक प्रांताने मात्र १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून केलेल्या व्यापारी जाहिरातींवर बंदी लागू केली. दोन्ही ठिकाणी बाजू मांडणारे वकील, डॉक्टर आणि पालक होते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता, त्या मुलांना कोणी काही विचारल्याची फारशी नोंद नाही.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील १२ व्या कलमाने ही उणीव निदान कागदावर भरून काढली. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वयानुसार वजन मिळण्याचा मुलांचा हक्क त्यात मान्य झाला. परंतु पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक भरवून लठ्ठपणाला जागतिक साथ म्हटले, तेव्हाही मुलाचे स्थान आलेखावरच्या एका बिंदूइतकेच राहिले. आलेख भयावह होता, यात शंका नाही : ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांची जगातील संख्या १९७५ मध्ये सुमारे १ कोटी १० लाख होती, ती २०१६ पर्यंत १२ कोटी ४० लाखांवर गेली. एका पिढीत मुलांची इच्छाशक्ती एवढी ढासळली असेल, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही. तरीही बरीच वर्षे सल्ला ‘कमी खा, जास्त खेळा’ एवढाच दिला जात होता.

या सल्ल्याला पर्याय देणारी रीत तंबाखूविरोधी चळवळीतून आली. तंबाखू कंपन्यांशी झालेल्या तडजोडीतून मिळालेल्या पैशांवर फ्लोरिडा राज्याने १९९८ साली किशोरवयीनांची मोहीम उभी केली आणि तिचा आशय ठरवण्यात मुलांनाच भागीदार केले. मुलांनी एक गोष्ट नेमकी हेरली. धूम्रपानाने फुप्फुसे खराब होतात, हे त्यांच्या वयाच्या प्रत्येकाला पाठ होते आणि त्याने कोणी सिगारेट टाकत नव्हते. पण आपल्याला कोणीतरी हिशेबाने फसवत आहे, हे कळले की सोळा वर्षांच्या मुलाचा स्वाभिमान दुखावतो. त्यामुळे मोहिमेचा रोख आजारावरून कंपन्यांच्या वागण्यावर वळला. दोन वर्षांत तेथील माध्यमिक शाळांच्या खालच्या इयत्तांमधील धूम्रपानाचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर आले. अन्नाच्या प्रश्नावर पुढे उभ्या राहिलेल्या तरुणांच्या मोहिमांमध्ये हाच रोख दिसतो.

अर्थात अन्न म्हणजे तंबाखू नव्हे. सिगारेट सोडता येते, जेवण सोडता येत नाही. शिवाय लठ्ठ मुलाला शाळेत आधीच इतके चिडवले जाते की, प्रत्येक मोहीम त्याच्या जखमेवर मीठ ठरण्याचा धोका असतो. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये तिथल्या खाण्यामुळे लठ्ठपणा आल्याचा दावा दोन किशोरवयीन मुलींच्या वतीने मॅकडॉनल्ड्सविरुद्ध दाखल झाला, तेव्हा त्याची यथेच्छ टवाळी झाली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो फेटाळला.

२०१२ हे वर्ष थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी स्कॉटलंडमधील नऊ वर्षांची एक मुलगी शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा रोज फोटो काढून ब्लॉगवर त्याला गुण देऊ लागली : पिझ्झाचा एक तुकडा, बटाट्याचे एकच क्रोकेट (तळलेला रोल), थोडे मक्याचे दाणे आणि एक कपकेक. जेवणाच्या गुणांबरोबर ती घासही मोजत असे. स्थानिक परिषदेने फोटो काढण्यास बंदी केली, गहजब झाला आणि बंदी लगोलग मागे घ्यावी लागली. याच सुमारास अमेरिकेत मिशेल ओबामा यांनी पाठिंबा दिलेल्या शालेय आहाराच्या नव्या नियमांविरुद्ध कॅन्ससमधील विद्यार्थ्यांनी, ‘आम्ही उपाशी राहतो’ असे सांगणारी चित्रफीत काढली. तरुणांचा आवाज नेहमी तज्ज्ञांच्याच बाजूने असेल, असे गृहीत धरणाऱ्यांनी ही दुसरी घटना विसरू नये. दोन्हींकडे तक्रार एकच होती : ताटात काय पडते हे ठरवताना ज्याने जेवायचे त्याला विचारले जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या बालस्थूलताविषयक आयोगाने २०१६ च्या अहवालात लठ्ठपणा वाढवणाऱ्या वातावरणावर बोट ठेवले, आणि त्यानंतर चित्र वेगाने बदलले. २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या निधीतून ‘को-क्रिएट’ हा प्रकल्प सुरू झाला. नॉर्वे, नेदरलँड्स, पोलंड, पोर्तुगाल आणि ब्रिटनमधील किशोरवयीनांनी त्यात स्वतः धोरणांचे मसुदे तयार केले. त्यांच्या मागण्या ठोस होत्या : १८ वर्षांखालील मुलांना अपायकारक खाद्यपदार्थांच्या जाहिराती दाखवू नयेत, साखरयुक्त पेयांवर कर लावावा, शाळेत आहाराचे प्रात्यक्षिक शिक्षण द्यावे आणि खेळाची सोय मोफत व्हावी. ‘मुलांना समजावा’ ही मोठ्यांची आवडती शिफारस या यादीत शिक्षणापुरतीच उरली आहे, हे लक्षणीय आहे.

ब्रिटनमध्ये २०१९ साली ‘बाइट बॅक’ ही तरुणांची संघटना उभी राहिली. तिच्या मागे शेफ जेमी ऑलिव्हर यांचे नाव आणि पाठबळ होते, म्हणून मुलांचा पुढाकार कितपत खरा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांवर मुले केवळ वापरली जातात, सजावटीसाठी असतात किंवा नावापुरती बसवलेली असतात, आणि व्यासपीठावर मुलांना आणणाऱ्या अनेक संस्था तिथेच अडकतात. मात्र २०२५ मध्ये या तरुणांनी लंडनमधील जाहिरातींच्या जागाच विकत घेतल्या आणि जंक फूड कंपन्यांना त्या मिळू नयेत म्हणून आपण त्या घेतल्या आहेत, असे फलकांवर लिहिले, तेव्हा त्यात फ्लोरिडाच्या मुलांचा बेरकीपणा उतरला होता.

त्याच वर्षी युनिसेफने ५ ते १९ वयोगटात लठ्ठपणाचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या प्रमाणापेक्षा (९.२ टक्के) पुढे गेल्याचे जाहीर केले. ब्रिटनमध्ये रात्री नऊपूर्वी दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवरील सशुल्क जागांत जंक फूडची जाहिरात करण्यावरील निर्बंध अनेकदा पुढे ढकलले जाऊन अखेर जानेवारी २०२६ मध्ये लागू झाले. पदार्थ न दाखवता केवळ कंपनीचे नाव झळकवणाऱ्या जाहिरातींना त्यातून सूट आहे.