फेलो म्हणजे शिकाऊ पोरगा नाही हो

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये कायम फिरतं, की अँजिओप्लास्टीला ‘फेलो’ (म्हणजे फेलोशिप करणारा डॉक्टर) आला तर नाही म्हणा, तो पेशंटवर हात साफ करतो. अहो, हिशोब करा: एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, एमडी ३, मग डीएम कार्डिओलॉजी (हृदयरोगाची सुपर-स्पेशालिटी पदवी) ३, आणि साधी अँजिओप्लास्टी तो डीएमलाच शिकतो. फेलोशिप त्यानंतरची, बहुतेक वर्ष-दोन वर्षांची, ती कशाला तर पूर्ण बंद पडलेली जुनी नस उघडणं, दगडासारखं कॅल्शियम आधी ड्रिलने घासून मग स्टेंट टाकणं, मांडीतल्या नसेतून व्हॉल्व बसवणं असली किचकट कामं, तीही सिनियर शेजारी उभा असताना. मात्र नुसती ‘फेलोशिप’ची पाटी बघून भुलू नका, छोट्या सर्टिफिकेट कोर्सवालेही तेच लिहितात (हे जरा अतीच आहे). डीएम किंवा डीआरएनबी (डीएमच्याच बरोबरीची पदवी) आहे का, तेवढं विचारा.