हृदयशस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम : प्रतिबंध

बायपास किंवा झडप बदलण्यासारख्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे भान आणि लक्ष अचानक बिघडते, त्या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. ती बहुधा पहिल्या काही दिवसांतच दिसते आणि दिवसभरात कमीजास्त होत राहते. सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री नातेवाइकांना ओळखत नाही, सलाइनची नळी ओढू लागतो. बहुतेकांचा डिलिरियम काही दिवसांत ओसरतो. पण तो झालेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम लांबतो आणि काहींची स्मरणशक्ती पुढे कित्येक महिने पूर्ववत होत नाही.

वाढते वय, आधीचा स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात, दारूचे व्यसन आणि हार्ट-लंग मशीनवरचा (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणारे यंत्र) दीर्घ काळ यांमुळे धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच स्मरणशक्तीची छोटी चाचणी घ्यावी आणि दारू व झोपेच्या गोळ्यांची सवय मोकळेपणाने विचारावी. ही माहिती घरच्यांनी लपवू नये. व्यसन अचानक तुटल्यानेही डिलिरियम होतो.

हमखास टाळणारे औषध अजून नाही. हॅलोपेरिडॉल हे मनोविकारांवरचे औषध आधीपासून देऊन फायदा सिद्ध झालेला नाही, आणि डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. खरा भर साध्या शुश्रूषेवर आहे आणि तीच घाईत मागे पडते. शुद्ध येताच चष्मा व श्रवणयंत्र परत द्यावे. ते नसेल तर आवाज आणि चेहरे अनोळखी वाटतात. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता असावी. टाळता येण्याजोग्या तपासण्यांसाठी झोपेतून उठवू नये. वेदना पुरेशी शमवावी, कॅथेटर (लघवीची नळी) लवकर काढावा, रुग्णाला शक्य तितक्या लवकर खुर्चीत बसवून चालवावे. बेंझोडायझेपिन गटाची गुंगीची औषधे आयसीयूमध्ये शक्यतो टाळतात. जवळच्या माणसाने शेजारी बसून आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे सांगत राहण्याचाही उपयोग होतो.

गडबड करणारा रुग्ण लगेच लक्षात येतो. गप्प पडून राहणारा मात्र ‘शांत झोपलाय’ म्हणून निसटतो, आणि वृद्धांमध्ये हा प्रकार वरचेवर आढळतो. म्हणून प्रत्येक पाळीत तपासणी हवी. आयसीयूतल्या एका रूढ चाचणीत परिचारिका इंग्रजी अक्षरे एकेक करून उच्चारते आणि ‘ए’ ऐकू आले की रुग्णाने तिचा हात दाबायचा असतो. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष ढळल्याचे धरून पुढचे निकष तपासतात. डिलिरियम आढळल्यास नुसती गुंगी देण्याआधी जंतुसंसर्ग, ऑक्सिजन किंवा साखरेची कमतरता, लघवी तुंबणे आणि पक्षाघात ही कारणे शोधावी लागतात.