गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली
गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली : पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीचे राज्य विद्यापीठ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन ते निर्माण झाले.

स्थापनेचे वर्ष २०११, याविषयी दुमत नाही. दिवस मात्र दोन सांगितले जातात. शासनाची अधिसूचना २७ सप्टेंबरची, तर प्रत्यक्ष कारभार २ ऑक्टोबरपासूनचा. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ अन्वये विद्यापीठाला कायदेशीर अस्तित्व अधिसूचनेने मिळाले. म्हणून पहिली तारीख अधिक ग्राह्य वाटते. विदर्भातील हे दुसरे विभाजन होय. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले होते. त्याच सुमारास, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या वाट्याला विद्यापीठ येण्यास त्यानंतर सुमारे तीन दशके लागली. सिरोंचा वा भामरागडच्या विद्यार्थ्याला एवढा काळ विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावे लागे, हे विसरता येत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो.

अध्यापनाचा मोठा भार संलग्न महाविद्यालयांवर आहे. वर्गात माध्यम मराठी असले, तरी घरची भाषा अनेकदा माडिया वा गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या पुनर्वसित गावांत बंगाली असते. ‘विद्यापीठ आपल्या गावात’ या उपक्रमात शिक्षक गावी जाऊन, गावकऱ्यांच्या सोयीच्या वेळी वर्ग घेतात. शिक्षण सुटलेल्या प्रौढांना पदवीची वाट त्यामुळे खुली होते.

ग्रामसभांचे प्रशिक्षण हे या विद्यापीठाचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. वनहक्क कायदा, २००६ अन्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलाचा वापर व व्यवस्थापन करण्याचा हक्क, मिळाला. बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती आला. त्यामागे गावातील अभ्यासगटाची दीर्घ तयारी होती. हक्क मिळाला की कामाचे स्वरूप बदलते : जंगलाची सीमा नकाशावर आणणे, व्यवस्थापन आराखडा करणे, तेंदूच्या फळीचा (पाने गोळा करण्याच्या केंद्राचा) हिशेब ठेवणे, लिलावाच्या अटी वाचणे. हे शिकलेला मनुष्य गावात नसेल, तर कागदावरचा हक्क ठेकेदाराच्या सोयीने वापरला जातो. म्हणून असे प्रशिक्षण पदवीइतकेच मोलाचे आहे.

संशोधनाची परंपरा जिल्ह्यात विद्यापीठापूर्वीची आहे. ‘सर्च’ या आरोग्यक्षेत्रातील संस्थेने (स्थापना १९८६) गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लोकांच्या प्रश्नातून संशोधन उभे करण्याचा हा वस्तुपाठ विद्यापीठाच्या दारातच आहे. विद्यापीठ परिसरातील विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र स्थानिक उपजीविकांसाठी तंत्रज्ञान देण्याचे काम करते. मोह, बांबू व अन्य गौण वनोपज, माडिया-गोंडी भाषा आणि सिरोंचा परिसरातील जीवाश्म ही येथील स्वाभाविक अभ्यासक्षेत्रे होत.