विक्रीनंतरचा शिष्टाचार (ऑनलाइन कलेक्टर मार्केट)

ऑनलाइन कलेक्टर मार्केटमध्ये, म्हणजे वस्तू जमवायचा छंद असणाऱ्यांच्या बाजारात, एखादी वस्तू विकली गेली, मग ते नाणं असो, स्टॅम्प असो, ट्रेडिंग कार्ड (जमवून अदलाबदल करायचं चित्राचं कार्ड), एलपी (गाण्यांची मोठी तबकडी), जुनं पोस्टकार्ड किंवा लेगोचे सुटे ठोकळे, की ती घेणाऱ्याच्या हातात नीट पडेपर्यंत आणि पुढेही थोडे दिवस विकणाऱ्याने कसं वागायचं याची एक रीत पडून गेली आहे, तिलाच विक्रीनंतरचा शिष्टाचार म्हणायचं. यातले काही नियम साइटचे असतात, बरेचसे मात्र कलेक्टर लोकांनी आपापसात ठरवलेले. मुळाशी गोष्ट एकच, पैसे भरले गेले की ती वस्तू तुमची राहिली नाही, तुमच्याकडे ती नुसती सांभाळायला आहे.

या रीतीला वजन आलं ते फीडबॅकमुळे. पिएर ओमिडियारने १९९५ मध्ये ऑक्शनवेब नावाने सुरू केलेली साइट म्हणजे आजची ईबे, तिथे अनोळखी माणसं एकमेकांना आगाऊ पैसे पाठवणार कशी हा प्रश्न होता, म्हणून १९९६ मध्ये घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांबद्दल शेरा, म्हणजेच फीडबॅक, लिहायची सोय आली. पण मग घेणारे खरं लिहायला घाबरायला लागले, कारण विकणारा उलटा निगेटिव्ह शेरा ठोकायचा, शेवटी २००८ मध्ये विकणाऱ्यांची निगेटिव्ह द्यायची सोयच काढून टाकली. चांगल्या नावाला पैशात किंमत असते का हेही तपासून झालंय. मिशिगन विद्यापीठाचे पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच गठ्ठे एका मुरलेल्या विक्रेत्याच्या आयडीवरून आणि कोऱ्या आयडींवरून विकले, तर मुरलेल्या आयडीला साधारण ८.१ टक्के जास्त मिळाले.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे सौदा मोडणं. लिलाव स्वस्तात सुटला, किंवा कार्ड विकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा भाव उडाला, की काही लोकांची वस्तू अचानक 'सापडत नाही' किंवा 'पॅक करताना खराब झाली', आणि आठवड्याने तीच वस्तू, कोपऱ्यावरचा तोच डाग, दुप्पट भावाने परत लिस्टिंगला (साइटवरच्या विक्रीच्या जाहिरातीत). कलेक्टर माणूस डाग विसरत नाही हो, त्याचा तोच तर छंद आहे. वस्तू खरंच हरवली असेल तर लगेच सांगून पूर्ण पैसे परत, सबबी नकोत.

निरोपांचं फार काही नाही. पैसे मिळाले की एक मेसेज, पार्सल गेलं की ट्रॅकिंग नंबरसकट दुसरा, बास. लेबल आज छापायचं आणि पार्सल पाच दिवस टेबलावर पडू द्यायचं हे मात्र घेणाऱ्याला ट्रॅकिंगवर दिसतंच. उशीर होणार असेल तर त्याने विचारायच्या आधी सांगावं.

खरी परीक्षा पॅकिंगची. एलपी असेल तर तबकडी जॅकेटच्या (बाहेरच्या पुठ्ठ्याच्या कव्हरच्या) आत ठेवून पाठवायची नाही, वाटेत आपटली की १२ इंची तबकडी कडेवर आदळते आणि जॅकेटचा कडेचा जोड फाटतो, म्हणून तबकडी आतल्या स्लीव्हसकट (पातळ पाकिटासकट) बाहेर काढून जॅकेटच्या मागे ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठा लावायचा. पण सील न फोडलेली एलपी असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अर्धी किंमत त्या सीलचीच असते. कार्ड आधी पेनी स्लीव्ह म्हणतात त्या पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग टॉपलोडर म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात, आणि तोंडावर रंगकामाची टेप, तीसुद्धा टोक दुमडून, म्हणजे ओढली की सुटते. नेहमीची पारदर्शक चिकटपट्टी लावली तर गोंद राहतो आणि माणूस ब्लेड घेऊन बसतो, पुढचं सांगायला नको. नाणं पाकिटात खुळखुळता कामा नये, मऊ पीव्हीसीच्या पाऊचमध्ये फार काळ ठेवलं तर त्यावर हिरवट चिकट थर येतो, आणि मुख्य म्हणजे 'छान दिसावं' म्हणून पाठवण्याआधी घासून चकचकीत करू नका, फोटोतला तो जुना रंग बघूनच त्याने घेतलंय. स्टॅम्प ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात, टाचणी किंवा क्लिप अजिबात नाही.

पॅक करताना वस्तू दिव्याखाली तिरकी धरून एकदा बघावी. लिस्टिंगमध्ये न लिहिलेला ओरखडा दिसला तर फोटो काढून आधी घेणाऱ्याला पाठवायचा आणि किंमत कमी करू की रद्द करू ते त्यालाच विचारायचं. एलपीत तर ग्रेडिंगची, म्हणजे वस्तूची अवस्था सांगायची, भाषाच फसवी, गोल्डमाइन या तबकड्या जमवणाऱ्यांच्या मासिकाच्या पद्धतीत 'व्हेरी गुड' तबकडी वाजताना आवाज करते आणि नुसती 'गुड' म्हणजे खरं तर चांगली नाहीच, तेव्हा एक पायरी चढवून लिहिलेलं नवीन माणसाला कळतं पण उशिरा कळतं.

परदेशी पार्सलवर कस्टम्सचा फॉर्म लागतो, छोट्या पार्सलला सीएन२२. घेणारा हळूच सांगतो की 'गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा'. सरळ नाही म्हणावं, ते बेकायदा आहे आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीवरच अडकते.

तक्रार आली तर पहिलं उत्तर भांडणाचं नसावं, फोटो मागावेत. बहुतेक साइटवर पार्सल पोचेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याचीच धरतात, त्यामुळे 'मी टाकलं, पुढे पोस्टाचं बघा' चालत नाही. वर्णन चुकलं असेल तर परतीचा खर्चही विकणाऱ्याचा. घेणाऱ्याचं मन बदललं तर मात्र वेगळं, तिथे लिस्टिंगमध्ये जे लिहिलंय ते लागू. आणि 'पाच स्टार द्या ना' म्हणून मागे लागणं, किंवा पैसे परत देतो पण शेरा काढा, हे दोन्ही वाईटच.

घेणाऱ्याचा पत्ता पार्सलपुरता असतो, त्यावर जाहिराती पाठवायच्या नाहीत, पत्त्यासकट पाकिटाचा फोटो कुठे टाकायचा नाही. एकाने तीन वस्तू घेतल्या आणि तिन्हीचं पोस्टेज वेगळं कापलं गेलं असेल तर जास्तीचे पैसे न मागता परत करावेत. काही जण सोबत डुप्लिकेट कार्डं किंवा स्टॅम्प फुकट टाकतात, छान वाटतं, पण घरातली अडगळ टाकू नये, आणि टाकलेलं कार्ड मूळ कार्डावर घासणार नाही इतकं तरी बघावं.