अझीम प्रेमजी शिष्यवृत्ती: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात, आणि सीमाभागातल्या मराठी मुलींनी काय पाहावं

दहावी आणि बारावी सरकारी शाळेतून झालेली, आणि यंदा पदवी किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी. अझीम प्रेमजी फाउंडेशनची शिष्यवृत्ती तिच्यासाठी आहे. रक्कम वर्षाला 30,000 रुपये. अभ्यासक्रम दोन ते पाच वर्षांचा चालतो आणि तो पूर्ण होईपर्यंत दर वर्षी मदत सुरू राहू शकते. पैसे थेट मुलीच्या खात्यात जमा होतात.

पात्रतेच्या अटींत टक्केवारी नाही, उत्पन्नाची मर्यादाही नाही. दरवर्षी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढण्यासाठी रोजगार बुडवणाऱ्या आईबापांना याची किंमत नेमकी कळेल. गरज कोणाला आहे हे ठरवायला फाउंडेशनने शाळा हाच निकष धरला आहे. ज्या घराला फी परवडते ते घर सहसा मुलीला सरकारी शाळेत घालत नाही, हे आपल्याकडचं उघड वास्तव आहे. त्यामुळे दहावी-बारावीच्या दोन गुणपत्रिकाच दाखल्याचं काम करतात. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

हा निकष आला कुठून? फाउंडेशनचं गेल्या दोन दशकांहून अधिक काळाचं काम सरकारी शाळांमध्येच आहे. पैशाचा उगम मात्र आपल्या खानदेशातला. 1945 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून जी कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली. मार्च 2019 मध्ये अझीम प्रेमजींनी विप्रोच्या आणखी 34 टक्के समभागांचा आर्थिक लाभ या कामासाठी दिला. त्या वेळी त्याचं मूल्य सुमारे 52,750 कोटी रुपये होतं. आधीचं धरून विप्रोच्या 67 टक्के मालकीचा आर्थिक लाभ फाउंडेशनच्या कामासाठी राखला गेला. या पैशाच्या वाटाही ठरलेल्या आहेत: जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षकांबरोबर स्वतःचं काम, बंगळुरू आणि भोपाळची विद्यापीठं, इतर सेवाभावी संस्थांना अनुदान, आणि कर्नाटकातल्या शाळांत मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडी मिळावीत म्हणून राज्य सरकारला साथ. ही शिष्यवृत्ती त्यातली अलीकडची वाट. 2025-26 साठी अडीच लाख मुलींपर्यंत पोहोचायचं ठरलं होतं.

आता राज्यांचा मुद्दा, कारण गोंधळ इथेच होतो. योजना ठरावीक राज्यांपुरती आहे. 2025-26 च्या यादीत महाराष्ट्र आणि गोवा नाहीत. कर्नाटक, मध्य प्रदेश, तेलंगणा, छत्तीसगड आहेत. म्हणजे कोल्हापूर किंवा लातूरच्या शाळेतून बारावी झालेली मुलगी यात बसत नाही. पण कर्नाटकातल्या निपाणी, खानापूर, भालकी, औराद, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, इंदूर आणि तेलंगणातल्या आदिलाबाद इथली मराठी घरातली मुलगी बसू शकते. अट शाळेच्या राज्याची आहे. कॉलेज भारतात कुठेही चालतं, सरकारी असो की मान्यताप्राप्त खाजगी. म्हणून भालकीहून लातूरला किंवा निपाणीहून कोल्हापूरला शिकायला आलेल्या मुलीने 'मी आता महाराष्ट्रात आहे, माझं काही होणार नाही' असं म्हणून गप्प बसू नये. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागांनीही अशा मुली हेरून त्यांना सांगावं.

सीमाभागात एक गोष्ट मुद्दाम तपासायला हवी. तिथली अनेक मराठी हायस्कूलं संस्थांची, अनुदानित आहेत. अनुदानित म्हणजे सरकारी असं धरून चालू नका. दहावी आणि पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), दोन्ही सरकारी ठिकाणाहून आणि नियमित विद्यार्थिनी म्हणूनच झालेली हवी.

कागद फार नाहीत. पासपोर्ट आकाराचा फोटो, सही, आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, मुलीच्या नावाच्या बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि प्रवेशाचा पुरावा. पुरावा म्हणून फी भरल्याची पावती किंवा कॉलेजचं बोनाफाईड.

सगळ्यात आधी पासबुक उघडा. शाळेत असताना वडिलांबरोबर काढलेलं खाते अनेकदा तसंच पडून असतं: मुलगी सज्ञान झाली तरी खात्याला पालकाचं नाव, केवायसी झालेली नाही, वर्षानुवर्षं व्यवहार नाही. असं खातं अर्जाच्या आधी बँकेत जाऊन चालू करून घ्या, नाहीतर नवं काढा. मग नाव ताडून पाहा. गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि पासबुकावर फक्त आद्याक्षर, असं असेल तर आधार किंवा बँकेतली दुरुस्ती आधी करा. तिला वेळ लागतो आणि अर्जाची मुदत तेवढी थांबत नाही. पासबुकाचा फोटो काढताना खाते क्रमांक आणि आयएफएससी ठळक दिसतोय का, हे मोबाईलवर मोठं करून बघा.

अर्ज फक्त ऑनलाइन, फाउंडेशनच्या संकेतस्थळावर. 2025-26 ला दोन फेऱ्या होत्या, सप्टेंबरात आणि जानेवारीत. उशिरा प्रवेश मिळालेल्यांना दुसरी फेरी उपयोगी पडते. नोंदणीला मोबाईल क्रमांक मुलीचा स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला तर पुढचे निरोप त्याच्याकडे जातील. अर्जाला शुल्क नाही. 'नंबर लावून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ओटीपी तर कोणालाच सांगू नका.

अर्ज भरल्यावर त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. शिष्यवृत्ती मंजूर झाली की पुढच्या वर्षीही नियमित शिक्षण सुरू असल्याचं दाखवावं लागतं. तेव्हा प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि फीची पावती एका फाइलमध्ये जपून ठेवा, आणि राज्यांची यादी व तारखा दर वर्षी संकेतस्थळावरच पाहा.