गुलाबी वॉकच्या मागे: डॅलस ते बार्शी

सोलापूर जिल्ह्याला पायी चालण्याचं अप्रूप नाही. आषाढीला अख्खा महाराष्ट्र आमच्याच पंढरपूरला चालत येतो. पण एखाद्या आजारावरच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून चालायचं, ही रीत तशी अलीकडची. स्तनाच्या कर्करोगासाठीच्या वॉकमध्ये नाव घालणाऱ्यांना तिची हकिकत माहीत असावी, म्हणून हे टिपण.

१९८० मध्ये हाडाच्या कर्करोगाने एक पाय गमावलेला टेरी फॉक्स हा तरुण कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. प्रत्येक कॅनडावासीयाने संशोधनाला एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर कापले, मग आजार फुप्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत सुसान कोमेन स्तनाच्या कर्करोगाने छत्तिसाव्या वर्षी गेली. तिच्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकर यांनी, १९८२ मध्ये तिच्या नावाने संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी डॅलसमध्ये पहिली दौड भरवली. सुमारे ८०० जण आले होते. स्तनाच्या कर्करोगाची खूण म्हणून गुलाबी फीत १९९०च्या दशकात आली. त्याआधी शार्लट हेली ही बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवत होती. सरकारी कर्करोग निधीतला जेमतेम ५ टक्के वाटा प्रतिबंधावर खर्च होतो, अशी तिची तक्रार होती. फीत जगभर गेली, तिची तक्रार मात्र मागे पडली, याची मला खंत वाटते.

देणग्यांचा उपयोग झाला का? झाला. एचईआर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या स्तनाच्या कर्करोगावरचं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यामागे डॉ. डेनिस स्लेमन यांचं संशोधन होतं आणि अवघड काळात ते खासगी देणगीवर तगलं.

आता आपल्या घरचं. सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर, बार्शीत, नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची पद्धतशीर नोंद ठेवण्याचं काम, सुरू झाली. मुंबईतल्या नोंदणीला दवाखान्यांच्या कागदांवर काम भागवता येत होतं. इथे बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. छातीला गाठ लागली किंवा अंगावरून जास्त जायला लागलं तरी दुखणं अंगावर काढायचं, कोणाला सांगायचं नाही. म्हणून नोंदणीची माणसं बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांत गावोगाव फिरली. बायकांना एकत्र बसवून लक्षणं समजावली, शंका येईल तिला तपासणीला यायला राजी केलं. या भागात तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक होता. काही वर्षांतच तो पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. महागडं यंत्र नाही, गावात जाऊन केलेलं बोलणं. माझ्या लेखी हे मोठं संशोधन आहे, आणि ते आपल्या जिल्ह्यातलं आहे.

स्तनाच्या कर्करोगाबाबत असाच धडा मुंबईतून मिळाला. १९९८ पासून टाटा मेमोरियलने दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या गटाची प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही.

म्हणून नाव नोंदवताना संयोजकांना सरळ विचारावं, रक्कम कोणत्या संस्थेच्या कोणत्या कामाला जाणार आणि हिशेब कधी मिळणार. दुसरी गोष्ट मार्गाची. विडी वळणारी किंवा कारखान्यात जाणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून सकाळी मैदानावर येणार नाही. तेव्हा वॉक विडी घरकुलसारख्या कामगार वस्त्यांतून न्यावा, सोबत तपासणी करणारी सेविका असावी, आणि हातात द्यायची पत्रकं मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही छापावीत.